माय, तुझी तिरपी रेघ

माय,

बसस्टँडवरच्या फ्लेक्सवर तुझा फोटो लागलाय. आधार कार्डावरचा फोटो ताणून मोठा केलाय, त्यामुळे तुझं नाक पसरलंय आणि तू कुणावर तरी खेकसायच्या बेतात आहेस असं वाटतं. त्याखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. आणि त्याखाली हात जोडून उभा गजाननभाऊ, तुझ्यापेक्षा मोठा, काळा चष्मा लावून. मेलेल्या बाईला हात जोडायला काळा चष्मा कशाला लागतो, कोण जाणे. बाजूला त्याची बायको, म्हणजे आपली सरपंच, टिकलीएवढी. कारभार सगळा तोच करतो, मग तिचा फोटो तरी कशाला छापला बिचारीचा?

रोज सकाळी जळगाव जामोदची बस मी त्याच फ्लेक्सखाली उभी राहून धरते. शाळेत पोचेपर्यंत तोंड कडूच असतं. तू गेलीस त्याचं रडू येईल असं वाटलं होतं. येतंही, मधूनच, भांडी घासताना. पण खरं सांगू? रडण्याच्या आधी शिसारी येते. सगळ्यांची येते, आणि त्या सगळ्यांत मीही आहे. ते पुढे सांगते.

आधी तुझी तेरवी सांगते. गजाननभाऊ पहिल्या पंगतीला बसला. बुंदी दोनदा मागून घेतली. जेवण झाल्यावर, हात धुवायच्या आधी, तोच वरणाचा हात माझ्या डोक्यावर ठेवून म्हणाला, “ताई, विमलकाकू म्हंजे गावाची माय होती.” माझ्या केसांना वरण लागलं, माय. मी सगळ्यांसमोर तशीच बसून राहिले. हाच माणूस तुला चावडीवर ‘कागदवाली बुढी’ म्हणायचा. तू ग्रामपंचायतीत शिरलीस की मोठ्यानं म्हणायचा, “आली बाप्पा सीबीआय!” आणि सगळे हसायचे. तेरवीला तेच सगळे पंगतीत होते आणि तुझे गुण गात होते. रामभाऊनं तर डोळे पुसले. तू अर्ज घेऊन सहीला गेलीस तेव्हा मागच्या दारानं पळाला होता तो, तूच सांगितलं होतंस मला.

तू हसत सांगायचीस हे सगळं. मला हसू यायचं नाही. मला तुझी लाज वाटायची.

हे आता लिहून टाकते, कारण तोंडावर कधी बोलले नाही. तुझी ती खाकी कापडी पिशवी, तिच्यात अर्जांच्या दोन-दोन प्रती, सुपारीची डबी आणि दोरी बांधलेला निळा पेन. गावात कुठंही सही करायची वेळ आली की तू आधी म्हणायचीस, “वाचा.” समोरचा कंटाळून वाचायचा. मग तू सही करायचीस, आणि सहीच्या खाली जेवढी जागा कोरी राहिली असेल तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तिरपी रेघ ओढायचीस. म्हणजे मागाहून कोणी तिथं काही घुसवू नये. रेशनच्या दुकानात रेघ, बँकेत रेघ. माझ्या लग्नाच्या याद्यांवरसुद्धा तू रेघ मारलीस! माझ्या सासऱ्यांचं तोंड आठवतं ना तुला? ते लग्न पुढं टिकलं नाही ते वेगळ्या कारणानं, पण मी कित्येक वर्षं मनात तुझ्या रेघेलाच बोल लावत होते.

आणि मला पाहायला पाहुणे आले होते तो दिवस! मी कांदेपोहे घेऊन उभी, आणि तू ग्रामसभेत. बाबांनी कुणाला तरी पाठवलं तर तू निरोप दिलास, “ऐनवेळीचे विषय बाकी हायेत, ते झाले का येतो.” पाहुण्यांनी विचारलं, मुलीची आई काय करते? बाबा म्हणाले, “भांडते.”

ऐनवेळीचे विषय. या शब्दांवर तुझा सगळ्यात जास्त राग होता. ग्रामसभेच्या नोटिशीत शेवटची ओळ नेहमी तीच असते: अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणारे विषय. तू म्हणायचीस, वरचे सगळे विषय आपल्याला झोपवायला असतात आणि चोरी त्या शेवटच्या ओळीत असते. म्हणून सगळे उठून गेले तरी तू बसून राहायचीस. ग्रामसेवक शेवटचा ठराव लिहायचा, तू वाचायला लावायचीस आणि उरलेल्या पानावर रेघ मारूनच घरी यायचीस. तोवर पोळ्या मी लाटलेल्या असायच्या.

ही सगळी उठाठेव कशासाठी, तर एका विहिरीसाठी. बाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. आपल्याकडचं पाणी खारं. त्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पातेल्याला पांढरी खपली धरते. गावाच्या वरच्या अंगाला, सातपुड्याकडे तोंड करून गेलं की ई-क्लासच्या म्हणजे गावाच्या सरकारी पडीक जमिनीत एकच गोडी विहीर आहे. नळ आले, टँकर आले, गेले. डाळीला पाणी अजून तिथलंच लागतं. आणि त्याच जमिनीत गजाननभाऊच्या मेव्हण्याला गिट्टीची खदान पाहिजे होती. सुरुंग लागले की विहिरीचे झरे कुठं जातील, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. खदानीला ग्रामसभेचा ना-हरकत ठराव लागतो. तो ठराव तू होऊ दिला नाहीस. दर सभेला तो कुठून तरी यायचा आणि तुझ्या रेघेपाशी येऊन अडायचा.

लहानपणी त्या विहिरीजवळ बाभळी होत्या. उन्हात पाणी भरून आम्ही तिथं टेकायचो. मग एका वर्षी त्या दिसेनाशा झाल्या. मी तुला विचारलं होतं, कोणी तोडल्या? तू कळशी डोक्यावर घेत म्हणालीस, “एका बिनडोक बाईनं तोडू देल्या.” मी विचारलं, कोणती बाई? तू म्हणालीस, “चाल पुढं.”

तुला ताप आला त्या आठवड्यात आपलं शेवटचं भांडण झालं. मी सलाईनच्या बाटलीकडे बघत बसले होते आणि तू विचारलंस, “निमे, नोटीस लागली का व?” मी चिडले. म्हटलं, माय, आता तरी गावाचा नाद सोड! रेघा मारून कुठं जग सुधारतं का? तू माझ्याकडे पाहिलंस आणि तोंड भिंतीकडे केलंस. मला वाटलं, रुसली. म्हटलं, बरी झाली की बोलू. झालं उलटंच.

आता माझं ऐक.

तू गेल्याच्या अकराव्या दिवशी गजाननभाऊनं तुझ्यासाठी विशेष ग्रामसभा घेतली. विषय एकच सांगितला: दुखवटा. आपल्या ग्रामसभेला माणसं कधी पुरत नाहीत. कोरम होत नाही म्हणून तहकूब करायची आणि मग चार टाळकी घेऊन उरकायची, ही गावची रीत. पण तुझ्यासाठी गाव लोटलं, माय. ज्या बाया आयुष्यात पंचायतीची पायरी चढल्या नाहीत, त्या पदर सावरत आल्या. मला भरून आलं. खोटं नाही सांगत, मला वाटलं, माझ्याच मायला मी ओळखलं नाही, गावानं ओळखलं. दोन मिनिटं सगळे उभे राहिले. मग ग्रामसेवकानं प्रोसिडिंग बुक उघडलं. वर नुसती तारीख लिहिलेली, खाली सगळं पान कोरं. पानाच्या मध्यावर बोट ठेवून म्हणाला, “पहिली सही लेकीची होऊ द्या. मजकूर मागाहून सुवाच्य लिहितो.”

मी केली.

मी शाळेत क्लर्क आहे, माय. मास्तरांनी उद्याची सही आज केली तर मी मस्टर ओढून घेते. त्यांना मी तुझ्याच आवाजात बोलते, हे शाळेतला शिपाईही सांगेल. आणि तुझ्या दुखवट्यात, तुझ्याच पोरीनं, कोऱ्या पानावर सही केली. रेघसुद्धा मारली नाही. रडत होते म्हणून झालं, असं म्हणायला तोंड आहे, पण म्हणवत नाही. माझ्यामागे सगळ्या गावानं केल्या. लेकीनं केली म्हटल्यावर कोण थांबतंय?

एकच बाई थांबली. तुझी सोबतीण, सुभद्रामावशी. तू सभेला जायचीस तेव्हा तुझी पिशवी धरून मागून चालायची ती. तिला अक्षर येत नाही. शाईचा पॅड पुढे केला तर हात पदरात लपवून बसली. मला वाटलं, दुःखानं. तेरवी झाल्यावर दोन दिवसांनी ती गोडीचं पाणी घेऊन घरी आली आणि उंबऱ्यातच म्हणाली, “निमे, तवा त्यायनं काय लेयलं व त्या बुकात?”

म्हटलं, दुखवटा लिहिला, दुसरं काय?

“तुले वाचून दाखोलं?”

मी तिच्या हातातली कळशी घेऊन आत ठेवली.

“मले वाचता येत नाई,” मावशी म्हणाली. “पन तुया मायनं सांगतलं होतं, वाचून दाखोल्याबिगर आंगठा देजो नोको. तिच्याच मौतीत कसा देऊ मंग?”

दुसऱ्या दिवशी रजा टाकून पंचायतीत गेले. ग्रामसेवक पोरगेलासा आहे, त्याला वाटलं मला सगळं ठाऊकच आहे. स्वतःच बुक काढून दिलं. “बघा ना ताई, तुम्हीच तर अनुमोदक आहात.”

पहिला ठराव तुझा. चार ओळी. ‘थोर समाजसेविका’ वगैरे. दुसरा ठराव ऐनवेळीच्या विषयातला: गोडी विहिरीलगतच्या ई-क्लास जमिनीवर गिट्टी खदानीस ग्रामसभेची हरकत नाही. सर्वानुमते मंजूर. सूचक म्हणून गजाननभाऊच्या पुतण्याचं नाव. अनुमोदक, तुझी लेक. खाली सगळ्या गावच्या सह्या आणि सगळ्यात वर माझी, वळणदार, शाळेत बक्षीस मिळालेल्या अक्षरात.

बाहेर येऊन पंचायतीच्या नळावर तोंड धुतलं. पाणी तोंडात गेलं, खारं. थू केलं.

माणसाच्या मढ्यावर लोणी खातात असं नुसतं ऐकलं होतं. हे तर तुझ्या मढ्यावर बसून तुझीच विहीर विकायला निघाले. जिवंतपणी तुला हलवता आलं नाही, म्हणून तू मरायची वाट पाहिली आणि तुझ्याच नावानं गर्दी जमवली. तुझ्यामुळे कोरम भरला, माय! आयुष्यभर तू घरोघर जाऊन बाया बोलावत होतीस, ग्रामसभेला चला म्हणून. आल्या त्या अशा.

मी बुक पाहिल्याचं त्याला लगेच कळलं. संध्याकाळी गजाननभाऊ घरी आला. खुर्ची दिली नाही तरी बसला. म्हणाला, “निर्मलाताई, आपन गावात शिरताच कमान करून राह्यलो. ग्रॅनाईटची. विमलकाकू प्रवेशद्वार. नाव कोरून. ते खदानवालेच करून देतीन.”

मी विचारलं, आणि विहीर?

“काऊन, नळ नाई का तुमच्या घरी?”

म्हटलं, मी लेखी तक्रार देणार आहे.

त्यानं चष्मा काढला. त्याचे डोळे पहिल्यांदाच नीट पाहिले मी, अगदी साधे आहेत. “द्या ना,” म्हणाला. “पन काय लेयसान? का मी न वाचता कोऱ्या कागदावर सही केली? तुमी क्लर्क बाई. शाळेतले लोक काय म्हनतीन? तुमच्या हेडमास्तरले काय वाटंन? अन काकूचं नाव कोरायचं सोडून तिच्या पोरीचा येडेपना साऱ्या गावात वाचायचा का?”

माय, तो नालायक आहे, पण त्याला माणसाचं दुखणं बरोबर कळतं. तो गेल्यावर मी दार लावून घेतलं. कमानीचा विचारही केला. तुझ्यापासून लपवत नाही. तुझं नाव दगडात, येणाऱ्या प्रत्येक एसटीला दिसणारं. ज्या गावानं तुला बुढी म्हटलं, त्याला तुझ्या नावाखालून जावं लागलं असतं. मोह पडला. मग स्वतःचीच इतकी किळस आली की उठून चूल सारवल्यासारखा सगळा ओटा घासून काढला.

सकाळी मावशीकडे गेले. म्हटलं, मावशी, मी कोणत्या तोंडानं लिहू? मायला कळलं असतं तर तिनं मला जोड्यानं मारलं असतं.

मावशी तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, “काई नसतं मारलं. तिनंबी केलती.”

काय केलती?

“अशीच सही. कोऱ्यावर. ती पह्यल्यांदा मेंबर झाली तवा. बुक घरीच घेऊन आले मेले. ती भाकरी थापून राह्यली होती, पिठाच्या हातानंच केली सही. मंग कळलं, गोडीच्या बाभळी तोडाचा ठराव होता तो. महिनाभर इरीवर गेली नाई तुया माय. मीच पानी देत होतो तुमच्या घरी. तवापासून ते रेघ.”

‘एका बिनडोक बाईनं.’ किती सहज म्हणाली होतीस तू, कळशी उचलता उचलता. इतकी वर्षं मी ती बाई गावात शोधत होते. ज्या-त्या मेंबरणीवर संशय घेतला. ती माझ्यापुढे कळशी घेऊन चालत होती.

अर्ज मी तिथंच लिहिला, मावशीच्या ओसरीत, तुझ्यासारखा दोन प्रतींत. लांबलचक नाही. दुखवट्याच्या सभेत कोऱ्या पानावर सह्या घेतल्या. खदानीचा विषय वाचला नाही, चर्चा झाली नाही. मी अनुमोदन दिलेलं नाही. मी न वाचता सही केली, ती चूक माझी. दुसरा ठराव रद्द करण्यासाठी पुन्हा ग्रामसभा बोलवावी. एक प्रत पंचायतीला, दुसरी पोच घेऊन पंचायत समितीला. ‘चूक माझी’ लिहिताना पेन अडला, म्हणून तेवढं पुन्हा गिरवून ठळक केलं.

मावशी म्हणाली, “वाच.”

वाचलं. तिनं डोळे मिटून ऐकलं, एका जागी थांबवून परत वाचायला लावलं, मग शाईत अंगठा बुडवून साक्षीदार म्हणून उठवला. मी कागद उचलायला गेले तर तिनं माझा हात धरला. “थांब नं व. अर्धं काम कायले करतं?” माझ्या हातातला पेन घेतला. चमचा धरावा तसा मुठीत धरला. आणि माझ्या सहीखालच्या कोऱ्या जागेवर, जीभ दातात धरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढली. दुसऱ्या प्रतीवरही ओढली. तिला अख्ख्या बाराखडीतलं एक अक्षर येत नाही, माय. एवढंच येतं. तू शिकवलंस.

मग आम्ही दोघी भर दुपारी पंचायतीत गेलो. गजाननभाऊ बाहेर बाकावर बसला होता. मला पाहून म्हणाला, “आली बाप्पा...” आणि पुढचं बोलला नाही. ग्रामसेवकानं अर्ज वाचला. त्याचे कान लाल झाले. मी म्हटलं, पोच द्या. त्यानं शिक्का काढला आणि कागद इकडून तिकडून फिरवला.

“ताई, शिक्का मारायला जागाच नाही ठेवली तुम्ही.”

“रेघेवर मारा.”

त्यानं दाराबाहेर पाहिलं. मावशीकडे पाहिलं. मग मारला.

सोमवारी सभा लागली आहे. काय होईल, मला खरंच माहीत नाही. पुन्हा तेवढी माणसं येतील असं वाटत नाही, मढं नसलं की गाव येत नाही. शाळेत बातमी पोचली आहे. आज एका मास्तरानं मस्टरवर सही करताना माझ्याकडे पाहून विचारलं, “वाचून करू ना, मॅडम?” आणि सगळे हसले. मला वाईट वाटलं. पण तुला रोज असंच वाटत असेल, हेही कळलं. इतकी वर्षं तू ते हसून सांगत होतीस आणि मी ऐकून तोंड वाकडं करत होते.

तुझी पिशवी मी घेतली आहे. सुपारीची डबी काढून ठेवली, तुझी ती घाण सवय मला कधीच आवडली नाही. पेन दोरीसकट ठेवलाय.

एकच विचारायचं होतं. त्या दिवशी मी म्हटलं, रेघा मारून जग सुधारतं का, आणि तू भिंतीकडे तोंड केलंस. रुसली नव्हतीस ना? बाभळींचं सांगावं की नाही, तेच ठरवत होतीस ना? सांगायचं होतंस, माय. मी तुला बिनडोक म्हटलं नसतं. सही करताना एकदा थांबले तरी असते.